राष्ट्राध्यक्षांची सही कुठवर चालते? (जून १९५२ मधल्या दोन घटना)

अण्णा_पिट्सबर्ग | १५ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:१०

१९ सप्टेंबरला एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हापासून इथल्या प्रत्येक धाग्यावर तोच वाद चालू आहे. अर्धे म्हणतात, "राष्ट्राध्यक्षाला असं करताच येत नाही." उरलेले म्हणतात, "राजाच आहे तो, काहीही करेल." आदेशाचा कागद उघडून वाचलेला मात्र कुणी दिसत नाही. म्हणून हा वेगळा धागा. ट्रम्प चांगले की वाईट यावर भांडायचं असेल तर जुने धागे उघडे आहेत, तिथे खुशाल भांडा.

मला १९५२ सालात जायचंय. कोरियात युद्ध चालू होतं. पोलाद कामगारांना पगारवाढ हवी होती, कंपन्या म्हणत होत्या की आधी पोलादाचे भाव वाढवू द्या, आणि भावांवर नियंत्रण सरकारचं. ९ एप्रिलपासून संप ठरला. आदल्या रात्री राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन रेडिओ-टीव्हीवर आले आणि त्यांनी जाहीर केलं की देशातले बहुतेक पोलाद कारखाने सरकार ताब्यात घेत आहे. ताबा व्यापारमंत्री चार्ल्स सॉयर यांच्या नावे. कारखान्यात तेच मॅनेजर, तेच कामगार, फक्त हुकूम आता वॉशिंग्टनचा.

कंपन्या कोर्टात गेल्या. खटल्याला नाव मिळालं ते आमच्यापासून तासाभरावर असलेल्या यंग्सटाउनच्या कंपनीचं. खालच्या कोर्टात सरकारी वकील होल्म्स बाल्ड्रिज यांनी न्यायाधीश पाइन यांना जे सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे. त्यांचं म्हणणं असं की आणीबाणीत राष्ट्राध्यक्षाच्या अधिकाराला मर्यादा दोनच, एक मतपेटी आणि दुसरी महाभियोग. न्यायाधीशाच्या तोंडावर 'तुमचा इथे संबंध नाही' असं सांगितल्यावर दुसरं काय होणार? निकाल विरोधात गेला, आणि २ जूनला सर्वोच्च न्यायालयानेही ६ विरुद्ध ३ असा तो कायम केला. तेव्हाचे नऊच्या नऊ न्यायमूर्ती रूझवेल्ट नाहीतर खुद्द ट्रुमन यांनी नेमलेले होते! ट्रुमननी त्याच दिवशी कारखाने परत दिले. संप झाला आणि ५३ दिवस चालला.

या निकालातलं आजही सगळ्यात जास्त वापरलं जाणारं मत म्हणजे न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांचं. त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) कायदा करून अधिकार दिला असेल तर राष्ट्राध्यक्ष सर्वात बलवान. काँग्रेस गप्प असेल तर सगळं धूसर. आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध जात असेल तर तो सर्वात दुबळा. ट्रुमन तिसऱ्या पायरीवर सापडले, कारण १९४७ चा टाफ्ट-हार्टली हा कामगारविषयक कायदा करताना अशा संपात कारखाने ताब्यात घ्यायचा अधिकार द्यावा का, हा प्रश्न काँग्रेससमोर आला होता आणि काँग्रेसने तो नाकारला होता. त्या कायद्यात संप ८० दिवस लांबवायची सोय होती. पण तो कायदाच ट्रुमनचा व्हेटो (नकाराधिकार) दोन तृतीयांश मतांनी डावलून झालेला, त्यामुळे त्यांना त्या वाटेने जायचं नव्हतं.

इथपर्यंतची गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. मला गंमत वाटते ती पुढची. त्याच जून महिन्याच्या २७ तारखेला काँग्रेसने ट्रुमनचा आणखी एक व्हेटो डावलला आणि इमिग्रेशनचा मोठा कायदा मंजूर केला. (त्यात भारताचा वार्षिक कोटा होता शंभर माणसं. हो, शंभर.) त्या कायद्याच्या २१२ व्या कलमात 'एफ' नावाचं एक पोटकलम आहे. परदेशी लोकांचा प्रवेश, किंवा त्यातल्या एखाद्या वर्गाचा प्रवेश, देशहिताला बाधक आहे असं राष्ट्राध्यक्षाला वाटलं, तर हवा तितका काळ तो थांबवता येतो किंवा त्यावर योग्य वाटतील ती बंधनं घालता येतात. राष्ट्राध्यक्षाला नको असलेल्या कायद्यातून पुढच्या सगळ्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती हे हत्यार आलं.

आता दोन कागद शेजारी ठेवा. ट्रुमनच्या आदेशात अधिकार कुठून आला म्हणून लिहिलंय? राज्यघटना, देशाचे कायदे, आणि मी सेनापती आहे. एकाही कायद्याचं कलम नाही. सप्टेंबरच्या घोषणेत मात्र पहिल्याच भागात २१२(एफ) चं नाव ठळक आहे. माझं म्हणणं एवढंच की बातमी आली की माणूस कोण आहे हे नंतर बघा. सहीच्या वरच्या ओळीत कुठल्या कलमाचा आधार दिलाय ते आधी बघा.

---

चिन्मय_एच१ | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:३२

अण्णा, मस्त धागा. घोषणेच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आमच्या ग्रुपवर जे चाललं होतं ते आठवून अजून धडकी भरते. सुट्टीला गेलेल्यांना कंपन्यांचे ईमेल, 'चोवीस तासांत परत या'. आमच्या टीममधला एक जण भावाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी नागपूरहून निघाला. तो दिल्लीत पोचतो तोवर व्हाइट हाउसचा खुलासा, की ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना हे लागूच नाही!

पण प्रश्न असा की २१२(एफ) मध्ये प्रवेश 'थांबवा' आहे, 'बंधनं घाला' आहे. पैसे घ्या कुठे आहे?

---

अण्णा_पिट्सबर्ग | १५ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

बरोब्बर तिथेच बोट ठेवलंस. ऑक्टोबरमध्ये जे खटले दाखल झालेत त्यांचा एक मुख्य मुद्दा हाच आहे. कर आणि शुल्क बसवणं हे घटनेच्या पहिल्या अनुच्छेदाप्रमाणे काँग्रेसचं काम. सरकार म्हणणार, ही प्रवेशावरची अट आहे. त्यांच्या बाजूला २०१८ चा निकाल आहे. काही देशांच्या नागरिकांवरच्या प्रवेशबंदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं होतं की हे पोटकलम राष्ट्राध्यक्षाला फार मोकळा हात देतं. कोर्ट काय करेल यावर मी पैज लावणार नाही.

---

रात्रपाळी | १५ नोव्हेंबर, रात्री ११:४८

सगळं कागदावर छान. कोर्टाचा निकाल येईतो माणूस उद्ध्वस्त झालेला असतो.

---

खोचक_काकू | १६ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

रात्रपाळीशी सहमत, आणि मला अण्णांच्या मांडणीतच खोट दिसते. तुम्ही म्हणता कलम शोधा. मग युद्धाचं काय? युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसचा, हे घटनेत स्वच्छ लिहिलंय. काँग्रेसने शेवटचं रीतसर युद्ध पुकारलं ते १९४२ साली. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, सगळं त्याशिवायच. तुमच्या ट्रुमनला कोर्टाने चार कारखान्यांपायी अडवलं, पण ज्या युद्धासाठी ते कारखाने हवे होते ते त्यांनी काँग्रेसला न विचारता सुरू केलं होतं आणि त्याबद्दल कुणी त्यांचं काही वाकडं केलं नाही.

१९७३ मध्ये निक्सनचा व्हेटो डावलून कायदा केला, की सैन्य उतरवलं तर ४८ तासांत कळवा आणि ६० दिवसांत परवानगी नाही मिळाली तर माघारी या. काय झालं त्याचं? २०११ मध्ये लिबियात साठ दिवस उलटले तेव्हा ओबामांच्या वकिलांनी सांगितलं, हे कायद्यात म्हटलेलं 'लढणं' नव्हेच, आमचं कुणी मरत नाहीये. या सप्टेंबरपासून कॅरिबियनमध्ये बोटींवर हल्ले चालू आहेत, साठ दिवस उलटले, आणि ट्रम्पच्या वकिलांनी जवळपास तोच युक्तिवाद काढला. पक्ष वेगळे, वकील वेगळे, पळवाट तीच.

---

अण्णा_पिट्सबर्ग | १६ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

काकू, युद्धाच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही. कुणी फिर्याद घेऊन गेलं तर कोर्टं हा आमचा विषय नाही म्हणून दार लावतात, आणि काँग्रेसला मतदान नकोच असतं. युद्ध फसलं तर दोष राष्ट्राध्यक्षाचा, जमलं तर आपणही झेंडा हलवायला मोकळे.

एक मात्र बघा. हा धोका जॅक्सन यांनी ओळखला होता. परदेशात आपल्या मर्जीने सैन्य पाठवायचं आणि मग त्याच युद्धाचं कारण सांगून देशातल्या कारखान्यांवर ताबा मिळवायचा, हे चालू देणार नाही, असं त्यांच्या मतात स्पष्ट आहे. म्हणजे बाहेर मोकळीक, घरात लगाम. अर्धीच भिंत, पण आहे.

---

देवगड_ते_वाशी | १६ नोव्हेंबर, दुपारी १:४०

मी वकील नाही, आंब्याच्या धंद्यातला माणूस. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या शब्दाची किंमत आम्हाला चांगली माहिती आहे.

मार्च २००६ मध्ये बुश दिल्लीला आले आणि आम्हाला भारतीय आंबा खायचाय म्हणाले. मनमोहनसिंगांसोबतच्या संयुक्त निवेदनातही आंबा आला. आमच्याकडे लोकांनी त्याच हंगामात पेट्या पाठवायची स्वप्नं बघितली. कसल्या पेट्या! अमेरिकेला भीती फळमाशीची आणि कोयीतल्या भुंग्याची. त्यांच्या कृषी खात्याने आधी नियमाचा मसुदा छापला, लोकांच्या हरकती मागवल्या, त्यांना उत्तरं दिली, आणि अंतिम नियम आला तो मार्च २००७ मध्ये. पहिला माल पोचला एप्रिल २००७ ला. म्हणजे जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला आंबा हवा असतानाही एक अख्खा हंगाम गेला.

आणि तोही सरळ नाही. लासलगावला कांद्यासाठी उभारलेलं बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) विकिरण केंद्र आहे, तिथे खोके साखळीवरून फिरवून किरणांची किमान ४०० ग्रे (हे त्याचं माप) मात्रा द्यायची. त्यांचा निरीक्षक समोर हजर असल्याशिवाय माल हलत नाही. कोविडमध्ये निरीक्षक येऊ शकले नाहीत तर दोन हंगाम अमेरिकेचा आंबा बंद. तेव्हा कुठल्याच राष्ट्राध्यक्षाची सही कामाला आली नाही.

---

खोचक_काकू | १६ नोव्हेंबर, दुपारी २:०२

हा प्रतिसाद धाग्यापेक्षा सरस. पेटीचा भाव काय सध्या?

---

देवगड_ते_वाशी | १६ नोव्हेंबर, दुपारी २:०९

काकू, नोव्हेंबर आहे. झाडाला अजून मोहोर धड नाही.

---

मास्तर_सांगली | १६ नोव्हेंबर, रात्री ८:३०

भारत-अमेरिका अणुकराराचंही तसंच झालं. जुलै २००५ मध्ये घोषणा झाली, पण काँग्रेसने आधी २००६ मध्ये कराराला वाट करून देणारा हाइड कायदा केला, मग २००८ मध्ये कराराला पुन्हा वेगळी मंजुरी दिली, आणि बुश यांची सही झाली ८ ऑक्टोबर २००८ ला. आपल्याकडे सरकार पडता पडता वाचलं ते त्याच गडबडीत.

पण मला अण्णांना एक विचारायचंय. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. मुलांना शिकवायचो की अमेरिकेत सत्ता तिघांत वाटलेली आहे आणि तिघे एकमेकांना धरून ठेवतात. आता काँग्रेसने दिलेला अधिकार राष्ट्राध्यक्ष भलतीकडे वापरू लागला, तर काँग्रेस तो परत का घेत नाही?

---

वकीलीण_ठाणे | १६ नोव्हेंबर, रात्री १०:५५

मास्तर, याचं उत्तर मी देते, कारण त्याच्या मुळाशी एक भारतीय माणूस आहे.

जगदीश राय चढ्ढा. जन्म केनियातला, आईवडील भारतीय, ब्रिटिश पासपोर्ट. १९६६ मध्ये विद्यार्थी म्हणून अमेरिकेत आले. १९७२ मध्ये व्हिसा संपला, आणि परत जायचं तर धड कुठला देश घ्यायला तयार नाही. इमिग्रेशनच्या न्यायाधीशांनी १९७४ मध्ये त्यांची हकालपट्टी थांबवली. पण कायद्यात एक तरतूद होती की असा निर्णय काँग्रेसच्या एका सभागृहालाही रद्द करता येईल. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधीगृहाने नेमकं तेच केलं. चढ्ढा लढले, आणि जून १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ ने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. काँग्रेसला काही बदलायचं असेल तर दोन्ही सभागृहं आणि मग राष्ट्राध्यक्षाची सही, हा एकच रस्ता.

चढ्ढा वाचले, छानच झालं. पण तशा तरतुदी शेकडो कायद्यांत होत्या! काँग्रेसने अधिकार देताना दोरी आपल्या हातात ठेवली होती, कोर्टाने दोरी कापली आणि पतंग राष्ट्राध्यक्षाकडे राहिला.

१९७६ चा आणीबाणी कायदा बघा. मूळ योजना अशी होती की राष्ट्राध्यक्षाने आणीबाणी जाहीर केली तर काँग्रेस नुसत्या ठरावाने ती संपवेल, सही लागणार नाही. चढ्ढा निकालानंतर १९८५ मध्ये ते बदलावं लागलं. आता ठरावालाही सही लागते. स्वतःचीच आणीबाणी संपवायला कोण सही करेल? २०१९ मध्ये सीमेवरच्या भिंतीसाठी आणीबाणी लावली, दोन्ही सभागृहांनी ती संपवायचा ठराव केला, ट्रम्पनी व्हेटो केला, दोन तृतीयांश जमले नाहीत. विषय संपला. इराणवरची आणीबाणी नोव्हेंबर १९७९ ची आहे, कार्टरच्या काळातली. दरवर्षी मुदतवाढ मिळते, अजून चालू आहे.

---

मास्तर_सांगली | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:००

हे वाचून झोप उडाली. म्हणजे आपल्या बरोबर उलटं! आपल्याकडे ४४ व्या दुरुस्तीनंतर कलम ३५२ ची आणीबाणी महिन्याभरात दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने मंजूर करावी लागते, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. संसद गप्प बसली तर आणीबाणी आपोआप मरते. त्यांच्याकडे काँग्रेस गप्प बसली तर आणीबाणी जगते. पंच्याहत्तरचा चटका बसल्यावर आपण शहाणे झालो म्हणायचं. (वटहुकमाचंही तसंच, अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत मंजुरी नाही तर गेला. ते पुन्हा पुन्हा काढण्याची आपली खोड वेगळी.)

---

अण्णा_पिट्सबर्ग | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

वकीलीणबाई, दंडवत. माझ्या मूळ लेखात हा तुकडा हवा होता.

टॅरिफचा (आयातशुल्काचा) खटलाही याच जागी येऊन ठेपला. भारतावर ऑगस्टमध्ये ५० टक्के बसले ते १९७७ च्या आर्थिक आणीबाणीच्या कायद्याखाली. त्यात आयातीचं 'नियमन' करता येईल असं आहे, शुल्क हा शब्द नाही. अपील कोर्टाने २९ ऑगस्टला ७ विरुद्ध ४ ने सरकारविरुद्ध निकाल दिला, आणि ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. तिथे न्यायमूर्ती गोर्सच यांनी सरकारी वकिलांना हेच विचारलं, की काँग्रेसने एकदा अधिकार दिला की परत घ्यायला व्हेटो ओलांडणारं बहुमत लागणार, मग सत्ता एकाच दिशेने सरकत राहणार नाही का? गोर्सच ट्रम्प यांनीच नेमलेले. १९५२ ची आठवण आली.

---

रात्रपाळी | १७ नोव्हेंबर, दुपारी ३:३३

माफीचा अधिकार विसरलात. त्याला कुठलं कलम शोधणार? काँग्रेस नाही, कोर्ट नाही, कुणी काही करू शकत नाही. फोर्डनी निक्सनना माफ केलं, बायडननी मुलाला, ट्रम्पनी ६ जानेवारी २०२१ ला संसदेवर चालून गेलेल्या दीड हजार जणांना. आणि २०२४ च्या निकालाने राष्ट्राध्यक्षाला अधिकृत कामासाठी खटल्यापासूनही संरक्षण. राजा नाही म्हणता?

---

वकीलीण_ठाणे | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

माफी खरंच घटनेतून थेट आलेली, त्यामुळे तिथे अण्णांची पायरी लागू होत नाही. पण ती फक्त केंद्रीय गुन्ह्यांना. राज्याच्या कोर्टातली शिक्षा राष्ट्राध्यक्षाला पुसता येत नाही, आणि महाभियोगही नाही. २०२४ च्या निकालातही खाजगी कामांना संरक्षण नाही. 'अधिकृत' कुठे संपतं ते मात्र कोर्टाने इतकं लांब ओढलंय की मला तो निकाल वाईट वाटतो. याबाबत तुमच्याशी भांडणार नाही.

---

चिन्मय_एच१ | १७ नोव्हेंबर, रात्री ९:१२

थोडं अवांतर, पण विचारतो. माझी बहीण इथेच टेक्सासमध्ये एमएस करतेय, विद्यार्थी व्हिसावर. मार्चच्या एच-१बी लॉटरीत तिचं नाव टाकायचंय आणि कंपनी एक लाखाला घाबरतेय. शिवाय माझा स्वतःचा ग्रीनकार्डचा नंबर माझ्या हयातीत येईलसं वाटत नाही. एक सही करून ग्रीनकार्डांवरचं एका देशाला ७ टक्क्यांचं बंधन कुणी काढू शकतं का?

---

अण्णा_पिट्सबर्ग | १७ नोव्हेंबर, रात्री १०:०१

बहिणीसाठी: इमिग्रेशन खात्याचा २० ऑक्टोबरचा खुलासा कंपनीला पाठव. माणूस इथेच आहे आणि इथल्या इथे स्टेटस बदलतोय, तर ते शुल्क लागू नाही असं त्यात आहे. अर्ज मंजूर व्हायच्या आत तिने देशाबाहेर जाऊ नये. बाकी कंपनीच्या वकिलाला विचारा, माझ्यासारख्या निवृत्त इंजिनियरला नाही.

तुझ्यासाठी: नाही. एका देशाला ७ टक्के हे १९९० च्या कायद्यात आकड्यासकट लिहिलेलं आहे. एच-१बीचे वर्षाला ६५ हजार अधिक २० हजार, तेही कायद्यातच. प्रवेश थांबवायला एक सही पुरते, वाढवायला काँग्रेस लागते. २०१९ मध्ये ही देशवार मर्यादा काढणारं विधेयक प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं होतं. सिनेटनेही डिसेंबर २०२० मध्ये आपला मसुदा पास केला. पण दोघांचे मसुदे वेगळे होते, ते जुळवायला वेळ उरला नाही, जानेवारीत ती काँग्रेस संपली आणि विधेयकही संपलं. राष्ट्राध्यक्षांच्या टेबलापर्यंत तो कागद पोचलाच नाही.